आबांची रिक्षा

केयूर रात्रीचा रडत उठतो ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती तर बरं झालं असतं. पण दहिसरच्या त्या इमारतीत भिंती इतक्या पातळ की एकानं शिंकावं आणि चौघांनी वाफ घ्यायला सांगावं. तीन वर्षांचं पोर मध्यरात्री टाहो फोडतं म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा. समोरच्या सुनंदाताईंनी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या आणि कुणाला ठसका लागला नाही म्हणजे दृष्टच होती, असं जाहीर केलं. ऋतिकाच्या आईला फोनवरूनच नातवाच्या दाढा येताना दिसल्या. केयूरच्या बापानं, सिद्धेशने, सगळं खापर मोबाइलवरच्या कार्टूनवर फोडलं, आणि मोबाइल पोराच्या हातात देणारे आपणच हे सोयीस्कर विसरला. मुलांच्या डॉक्टरांनी कान बघितले, पोट दाबलं, जंतांचं औषध लिहून दिलं आणि या वयात मुलं झोपेत घाबरतात, आपोआप थांबेल, म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गावाहून सिद्धेशच्या चुलतभावानं, नितेशने, कळवलं की देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंय, आता काळजी नको. देवाच्या हातात त्या रात्री दुसरी कामं असावीत, कारण केयूर नेहमीसारखाच उठला आणि नेहमीसारखाच रडला.

ऋतिका काहीच म्हणत नव्हती. अंधेरीच्या ऑफिसातून घरी आली की खांद्यावरची पर्स न काढताच ती पोराला उचलून घ्यायची आणि बराच वेळ तशीच उभी राहायची. आई दिवसभर दिसत नाही म्हणून पोर रात्री रडतं, असं तिनं मनाशी घेतलं होतं. ते तिच्या तोंडावर दिसायचं आणि तिच्या सासऱ्याला, दशरथला, बघवायचं नाही. कारण खरा गुन्हेगार कोण ते एकट्या त्याला ठाऊक होतं. निदान त्याची तशी खात्री होती.

आधी कापडगिरणीत साचे चालवले, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत रखवाली केली आणि सत्तरी ओलांडली. एवढ्या आयुष्यात दशरथकडे स्वतःची म्हणावी अशी दणदणीत गोष्ट एकच उरली होती, ती म्हणजे त्याचं घोरणं. वरच्या मजल्यावरच्यांना ते ऐकू जायचं. केयूर त्याला रिक्षा म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी दशरथची बायको रत्नप्रभा गेली आणि थोड्या महिन्यांनी हे पोर एका रात्री आपली उशी ओढत हॉलमध्ये आलं आणि गादीवर आजीच्या जागी आडवं झालं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हापासून तो तिथंच झोपायचा, आणि आबांची रिक्षा सुरू झाल्याशिवाय डोळा मिटायचा नाही. सकाळी जाग आली की डोळे न उघडताच हात लांब करून आधी आबांच्या मिशा चाचपायचा. मिशा जागेवर आहेत म्हटल्यावर मग दिवस सुरू. रत्नप्रभा गेल्यावरच्या त्या ओसाड महिन्यांनंतर दशरथला जगात परत आणलं ते या चाचपणाऱ्या हातानं. हे तो कुणाला बोलून दाखवणारा नव्हता, पण तसं होतं.

आणि मग हे रडणं सुरू झालं. पोराच्या किंकाळीनं दशरथ दचकून उठायचा तेव्हा त्याचा घसा कोरडा ठाक असायचा, छाती धडधडत असायची, तोंड उघडं. आपण असे काही घोरलो असणार की लेकराच्या काळजाचं पाणी झालं, एवढंच त्याला कळायचं. तो कुशीवर झोपून बघू लागला. रात्रीचं जेवण कमी केलं. पाठीला टॉवेलची वळकटी बांधून झोपला, तर सकाळी पाठ धरली आणि टॉवेल पायाशी सापडला. दिवसा बसल्या जागी त्याला पेंग यायची आणि डोकं सदा जड. तेही तो पोराच्या जागरणावर ढकलून मोकळा व्हायचा.

मग मुलीकडे, प्रांजलकडे, तो मुलुंडला राहायला गेला. सहज चार दिवस, असं सांगून. तिथून त्यानं फोन केला तर ऋतिकाच्या आवाजात इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसू होतं. केयूर पहिल्या रात्री झोपायला कुरकुरला, पण झोपल्यावर थेट सकाळी उठला, दुसऱ्या रात्रीही तसंच, असं ती सांगत होती. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. दशरथ "बरा झाला" म्हणाला आणि फोन ठेवून खिडकीशी उभा राहिला. रात्रभर कुणी उठवलं नसूनही त्याचं डोकं त्या सकाळी कधी नव्हे एवढं दुखत होतं, पण त्याचा त्यानं विचार केला नाही. निकाल लागला होता, आणि तो स्वतःच्याच विरुद्ध लागला म्हटल्यावर माणूस बारकावे बघत नाही.

घरी आल्यावर त्यानं गावी जायचं काढलं. घर बंद राहून खराब होतं, कौलं बघायला हवीत, वाडीची साफसफाई करायला हवी, असं काय काय सांगितलं. सिद्धेशने पुष्कळ हुज्जत घातली. एकटे काय करणार, जेवणाचं काय, रात्रीबेरात्री काही झालं तर कोण आहे. दशरथने नितेशचं नाव पुढे केलं. नितेशचं घर हाकेच्या अंतरावर नाही हे दोघांनाही माहीत होतं. कधी परत येणार, असं विचारल्यावर तो बॅग काढायला उठला. खरं कारण सांगितलं असतं तर पोरांनी त्याला जाऊ दिलं नसतं, आणि मग सख्ख्या नातवाची झोप मोडून जगायचं म्हणजे तोही जाच. भिंतीवरच्या रत्नप्रभाच्या फोटोला तेवढं त्यानं खरं सांगितलं. ती बाई हयातीतही त्याच्या असल्या निर्णयांना दाद देत नसे, तशीच आताही नुसती बघत राहिली.

गाडी सोमवारी पहाटेची होती. रविवारी दुपारी ऋतिकाने बांगड्याचं तिखलं केलं, सासऱ्याला आवडतं म्हणून तिरफळं जरा जास्तच घातली, आणि वाढताना तिचे डोळे भरून आले ते तिनं तिखटावर ढकललं. जेवून दशरथ हॉलमध्ये आडवा झाला. भरलेली बॅग दाराशी होती. केयूर त्याच्या उशाशी गाड्यांची रांग लावत बसला होता, तोंडानं भोंगे वाजवत. ते भोंगे ऐकता ऐकता दशरथचा डोळा लागला.

पुढची गोष्ट त्याला कळली ती छातीवर बसलेल्या दणक्यानं. कुणीतरी त्याच्या मिशा धरून ओढत होतं आणि जिवाच्या आकांतानं रडत होतं. त्यानं पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला. छातीवर केयूर बसला होता, लालभडक तोंड करून. स्वयंपाकघराच्या दारात ऋतिका उभी होती. तिच्या हातावरचं साबणाचं पाणी खाली ठिबकत होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

दशरथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता दिवसासुद्धा. जे इतके दिवस पोटात ठेवलं होतं ते त्याच्या तोंडून निसटलं. "मी घोरलंय काय गो? उद्या जातंय मी. मग सुखान झोपात तो."

ऋतिकाला जाण्याचं खरं कारण त्या क्षणी कळलं. पण तिचं चित्त तिथं नव्हतं. ती खाली गुडघ्यांवर बसली आणि तिनं दशरथचा हात ओल्या हातांनीच घट्ट धरला.

"आबा, तुम्ही घोरत होता तोवर हा मजेत खेळत होता," ती म्हणाली. "तुम्ही थांबलात. एकदम. छाती हलत नव्हती तुमची. मला वाटलं, आता घ्याल श्वास, आता घ्याल. मी भांडं हातात घेऊन नुसती उभी. यानं गाड्या टाकल्या आणि धावत आला."

"माका काय धाड भरली नाय," दशरथ सवयीनं म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

केयूर हुंदके देत आबांच्या मिशा चाचपत होता. "रिक्षा बंद पडली," तो म्हणाला. "मी चालू केली."

आणि दशरथच्या कानात, इतक्या वर्षांनी, साळखातं सुरू झालं.

गिरणीत कापड विणायचे साचे जिथे चालत त्या साळखात्यात आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. नवीन पोरं पहिल्या दिवशी कान धरून बाहेर पळत. पण मुरलेल्या कामगाराला तो आवाज ऐकूच येत नसे. त्याला ऐकू यायचं ते थांबणं. त्याच्या साच्यांपैकी एखादा, धागा तुटून, बंद पडला की पाठ त्या बाजूला असली तरी तो गर्रकन वळायचा. दशरथ स्वतः असा हजारदा वळला होता. उभी जवानी ज्यानं आवाजात काढली आणि शांततेनं दचकून वळला, त्या माणसानं नातवाच्या रडण्याचा दोष आवाजाला द्यावा, म्हणजे कमालच झाली. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर त्यानं त्याला खात्यातून हाकलून दिलं असतं.

आणि मग त्याला रत्नप्रभाचं कोपर आठवलं. संसारभर रात्री-अपरात्री ते कोपर त्याच्या बरगडीत बसायचं. तो वैतागून विचारायचा, आता काय झालं, मी जोरात घोरत होतो का. ती म्हणायची, "तुमचा घोरणा बंद पडला काय माका जाग येता." बायको टिंगल करते असं समजून तो कूस बदलून पुन्हा झोपायचा. टिंगल नव्हती ती. ती बाई आयुष्यभर झोपेत पहारा देत होती आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

ऋतिकाने आधी मोबाइलवर गावचं तिकीट रद्द केलं, मग सिद्धेशला झोपेतून उठवलं आणि मग बॅग उघडून सासऱ्याचे कपडे परत कपाटात लावले. त्या क्रमात तिला कुणी अडवायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात बोरिवलीच्या डॉक्टरांनी दशरथला एक रात्र हॉस्पिटलमध्ये झोपवलं, अंगाला वायरी लावून. सकाळी कागद बघताना ते गंभीर झाले. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, असं त्यांनी समजावलं. डोकेदुखी आणि पेंग त्याचीच. हृदयाला हे फार दिवस झेपत नाही, आणि असा माणूस गावी एकटा राहणार होता हे कळल्यावर त्यांनी नुसतीच मान हलवली. मग त्यांनी विचारलं, रात्री बाजूला कोण झोपतं. दशरथने नातवाचं नाव सांगितलं. त्याआधी कोण झोपायचं, तर बायको.

"मग आबा," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दोघांचे ऋणी आहात."

दशरथला हे कुणी सांगायची गरज नव्हती. घरी येताना रिक्षात तो मुलाच्या आणि सुनेच्या मधे बसून उघडपणे रडला, आणि डोळे पुसायचीही त्यानं तसदी घेतली नाही. सिद्धेश बाहेर बघत राहिला. ऋतिका आबांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तीही रडत होती, पण तिचं रडणं सुटल्याचं होतं. पोर आईवाचून रडत नव्हतं. एवढे महिने उराशी धरलेलं ओझं तिनं त्या रिक्षात खाली ठेवलं.

झोपेत श्वास चालू ठेवणारं मशीन घरात आलं. नाकावर लावायचा मुखवटा, त्याला लांब नळी. केयूर घाबरेल म्हणून सगळे श्वास रोखून होते, तर त्यानं तो बघताच आबांना हत्ती करून टाकलं आणि सोंड धरून हसत सुटला. गादीवर पडल्यावर मात्र तो गंभीर झाला. रिक्षा कुठे गेली, त्यानं विचारलं. गॅरेजला दिली, आबा मुखवट्यातून म्हणाले. केयूर बराच वेळ आबांच्या छातीला कान लावून पडला होता. मशीनचा बारीक, एकसारखा आवाज येत राहिला, मधे कुठेही न तुटता. मग त्याचं डोकं हळूहळू जड झालं.

दशरथला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. डोकं हलकं होतं, किती वर्षांनी कुणास ठाऊक. कुणी रडलं नव्हतं, कुणी कोपर मारलं नव्हतं. बाजूला केयूर तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून झोपला होता.

तो हळूच उठला. चहा केला, एक कप रत्नप्रभाच्या फोटोपुढे ठेवला आणि पोराला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिच्याशी बोलला. गिरणीत हजर नसलेल्या माणसाच्या जागी ऐन वेळी उभा राहायचा त्याला बदली म्हणत, आणि चांगला बदली मिळणं हे नशिबाचं काम असे, हे गिरणी कामगाराच्या बायकोला सांगायला लागत नाही.

"तुज्या जाग्यार बदली इल्लो," तो म्हणाला, "तेना येक पाळी चुकवूक नाय. आता तेका सुटी दिलंय. तूव झोप."

मागे गादीवर हालचाल झाली. दशरथ लगबगीनं परत जाऊन आडवा झाला, कारण पोराचा हात मिशांच्या शोधात निघाला होता.