चिमटीतलं माप

पाण्याच्या टाकीतून बाहेर पडणारी ओली नळी हरिबाने चिमटीतून सरकू दिली आणि ती ओढणाऱ्या पट्ट्याचा वेग किंचित कमी केला. दवाखान्यात वापरायची ही नळी एका टोकाला चार मिलिमीटर, तर दुसऱ्या टोकाला तीन. गरम, मऊ असताना पट्ट्याने जोरात ओढली की ती बारीक होते, सावकाश ओढली की जाड. लोणंदच्या या कारखान्यात बावीस वर्षं हेच काम केल्यावर अंगठ्यालाच सगळं कळायला लागलं होतं.

दर दहा नळ्यांमागे जाडी मोजायचा व्हर्निअर लावून आकडा कागदावर लिहायचा, असा नियम होता. हरिबा व्हर्निअर लावायचा, त्याच्याकडे बघायचाही. लिहायचा मात्र अंगठा सांगेल तो आकडा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनसाठी रजा काढली तर मशीन दुसऱ्याच्या हाती जाईल, या भीतीने त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

पाळी संपताना तपासणी विभागाच्या प्रमुख सोनियाने त्याला बोलावून घेतलं. टेबलावर नळ्यांचे दोन ढीग होते. सकाळच्या पाळीतल्या धनाजीचा सगळा माल बारीक आला होता, कारण व्हर्निअरच कालपासून बिघडला होता आणि माप जास्त दाखवत होता. धनाजी बिचारा त्यावर विसंबून पट्ट्याचा वेग वाढवत गेला. हरिबाचा माल मात्र अगदी मापात होता. ते ऐकून हरिबाला क्षणभर बरं वाटलं.

"मामा, त्याच व्हर्निअरनं तुमचा माल बरोबर कसा आला?"

आज आपण चुकलो असतो तर वाचलो असतो, हे हरिबाला उमगलं.

"दिसत न्हाई, मॅडम. दोन वर्सं झाली."

सोनियाने त्याच्या ढिगातली एक नळी उचलली. माल पुन्हा मोजून पाठवता येईल, ती म्हणाली, पण ही नळी आजारी माणसाच्या अंगात जाते, आणि कागदावरचे आकडे कुणी मोजलेलेच नव्हते. उद्यापासून त्याने पॅकिंगला जायचं. सांगताना तिचा आवाज खाली गेला. बदलीचा कागद तिने त्याच्यापुढे सरकवला.

भांडावं असं हरिबाला वाटलं, पण तेवढं त्राण नव्हतं. रोज दिसत असल्याचं सोंग करून तो आंबून गेला होता. त्याने पेन घेतलं आणि कागदावर वाकला.

"सही कुठं करायची, मॅडम? तेवढं बोट ठिवा."