माझ्या तोंडून गेलेली योजना

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची. तेव्हा मी एका शिवणकारखान्याच्या भिंतीवर, पंख्यांच्याही वर टांगलेला होतो.

पत्रा ठोकून मला घडवलं, राखाडी रंग दिला आणि इथे आणलं. खाली यंत्रांचा असा घरघराट, की शेजारणीचं बोलणं शेजारणीला ऐकू जायचं नाही. म्हणून सांगायचं ते माझ्यातूनच. खात्याच्या मोठ्या बाई माइकवर बोलायच्या : वाफेची नळी तापली आहे, लांब राहा, अमकीच्या लेकराला ताप आलाय, तिने घरी जावं. त्यात कधी खोट निघाली नाही. मग रीतच पडली. कर्ण्यावरून आलं की उलट विचारायचं नाही. मला त्याचा केवढा गर्व होता!

एके दिवशी बाईंच्या भाच्याचा मित्र आला. कडक इस्त्री, जिभेवर साखर. त्याने कामगारांसाठी नवी आरोग्य योजना आणली होती. कारखान्याची जुनी सोडायची, ही घ्यायची. वर डब्यांचा संच भेट.

"मावशी, तुम्ही फक्त वाचा. तुमच्या शब्दाबाहेर इथे कोण आहे?"

बाई खुलल्या. त्यांनी वाचलं, मी कोपऱ्याकोपऱ्यात पोचवलं.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, तेव्हा काजं करणारी वहिनी तेवढी उठली. तिचा नवरा मालट्रकवर ड्रायव्हर होता.

"बाई, ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. आधीपासूनचं दुखणं यात बसतं का?"

"बसतं म्हणजे? पाय पसरून बसतं, वहिनी," तो म्हणाला. सगळ्या हसल्या.

"मला कागदावर दाखवा."

"कर्ण्यावरून सांगितलं ना? आता काय ताम्रपट आणू?" बाई म्हणाल्या.

वहिनी ओशाळली. तिने जुन्या योजनेतून नाव काढलं.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याने नवं कार्ड परत केलं. आधीचा आजार चालत नव्हता. दुसरी सोय होईपर्यंत उशीर झाला आणि डोळा गेला.

वहिनी कामावर आली ती थेट बाईंपुढे उभी राहिली.

"बाई, तुम्ही तो कागद पुरता वाचला होता?"

"त्याने पुढे केला तेवढाच गं," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

मला तोंड वळवता आलं असतं तर मी भिंतीकडे वळवलं असतं.

तो गोडबोल्या पुन्हा कधी दिसला नाही. बाईंनी मालकांपुढे चूक कबूल केली, सगळ्यांना जुन्या योजनेत परत घ्यायला लावलं. माइकला मात्र निवृत्तीपर्यंत हात लावला नाही. वहिनी त्यांच्याशी बोलायची, पण त्यांच्या हातचा चहा तिने पुन्हा घेतला नाही. तिच्या नवऱ्याचं गाडी चालवणं सुटलं. तो गोदामावर रखवालदार झाला. मी आता अडगळीच्या खोलीत आहे.

मित्रांनो, फुकटाचं कोणी गळ्यात घालू लागलं, तर आवाज ओळखीचा आहे म्हणून मान डोलावू नका. कागद मागा, आणि दुसरं कोणी मागत असेल तर त्याला हसू नका. त्या दिवशी एक जरी बाई वहिनीच्या शेजारी उभी राहिली असती, तर तो माणूस पुढेही गाडी चालवत राहिला असता.