समासातले टाळ

सात नंबरच्या मुलीने पुन्हा हात वर केला आणि भुजंगरावांनी स्कोअरशीटच्या समासात पेन्सिलीने आणखी एक बारीक गोल काढला.

चेंडू तिच्याकडे आलाच नाही. कॅप्टन ऋतुजाने तिच्याकडे सरळ बघितलं आणि दोघींच्या कचाट्यात सापडलेल्या भलत्याच मुलीकडे पास फेकला. चेंडू समोरच्यांनी हिसकावून नेला.

“टाक की गे, खाली हाय मी!” सात नंबर ओरडली.

“खाली हायस तर खालीच बस!” राखीव बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि सगळा बाक खिदळला.

मुखेडकडे मोकळ्याला खाली म्हणतात. मोकळी खुर्ची खाली, मोकळी बस खाली. लातूरच्या बास्केटबॉल शिबिरात पहिल्याच दिवशी ह्या सात नंबरच्या, वर्षाराणीच्या तोंडून हा शब्द गेला आणि तेच तिचं नाव पडलं. ‘ए खाली, पाणी आण.’ शब्द निमित्ताला होता. वर्षाराणी आली म्हणून ऋतुजाच्या जिवलग मैत्रिणीची संघातली जागा गेली, हे खरं दुखणं होतं.

भुजंगराव नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतले शिपाई. परीक्षानळ्या धुण्यात नोकरी सरत आली. मैदानावरच्या टेबलामागे मात्र सव्वीस वर्षं त्यांच्याइतका चोख गुणलेखक जिल्ह्यात नव्हता. आणि एकादशीला ते कीर्तनात टाळकरी म्हणून उभे राहत. महाराजांनी ओळ सोडली की ती जमिनीवर पडू द्यायची नाही, अलगद उचलून पुन्हा त्यांच्या हाती द्यायची, हे त्यांचं तिथलं काम. त्या उभं राहण्यात त्यांना जे मिळे, त्याला पांडुरंगाची कृपा यापलीकडे दुसरं नाव त्यांना माहीत नव्हतं.

वर्षाराणीला त्यांनी नांदेडच्या संघात दोन वर्षं पाहिलं होतं. सामन्याला सरासरी एकोणीस गुण. सामना संपला की घामाघूम पोरगी टेबलाशी यायची, “मामा, माझे किती?” चार जिल्ह्यांच्या मिळून केलेल्या ह्या संघात ती आली आणि एकोणिसाचे सहा झाले. आज शेवटचा सामना. संध्याकाळी राज्याच्या संघासाठी नावं जायची होती. श्रावणात तिला अठरा पूर्ण होणार, म्हणजे ह्या वयोगटातली ही शेवटचीच संधी. आई सुभद्राबाई अंगणवाडीत मदतनीस. राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र हाती आलं, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर पोरगी लागेल, एवढा एकच हिशोब त्या घराने धरला होता.

म्हणून ते गोल. वर्षाराणी मोकळी असताना, हात वर असताना चेंडू आला नाही, की एक गोल. भुजंगराव मनात त्याला टाळ म्हणत. न वाजलेला टाळ. पहिल्या क्वार्टरला नऊ झाले, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला चार.

चौथ्या क्वार्टरमध्ये फाऊल फार झाले, लिहिता लिहिता त्यांची मान वर होईना. मग लक्षात आलं, समास कोरा आहे. त्यांना क्षणभर फार बरं वाटलं. पोरींनी ओळ उचलली म्हणायची! त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने मान वर केली.

वर्षाराणी कोपऱ्यात एकटीच मोकळी उभी होती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

सामना संपला. निवड समितीचे प्रमुख ईश्वरप्पा सर उदगीरकडचे, आवाजाने मोठे. त्यांनी शीट उलटसुलट करून पाहिली. “भुजंगराव, समासात ही कसली शून्यं काढलाव?”

“शून्यं न्हाईत सर, टाळ हायेत.”

“टाळ?”

भुजंगरावांनी सांगितलं. समितीपुढे ते सव्वीस वर्षांत कागद देण्यापलीकडे कधी बोलले नव्हते.

“सर, आमच्याकडं एका सप्त्यात लई मोठे महाराज आले हुते. गावच्या टाळकऱ्यांचं आपसात काय तरी बिनसलं. कुणी ध्रुपद धरीना, मागं ओळ उचलीना. गंधर्वासारखा गळा, पर एकटा माणूस किती ओढंल? वीस मिनिटांत आवाज बसला. लोक म्हनले, ह्यांच्यात काय बी राम न्हाई. दुसऱ्या दिवशी मी त्येंच्या मागं शेजारच्या गावाला गेलो. महाराज तेच, अभंग तोच. माणसं रडायली हुती सर. आता ह्या दोनातला कोंचा गळा खरा धरायचा?”

“कीर्तन चांगलं करताव,” ईश्वरप्पा सर हसले. “पर माझ्या फॉर्मात टाळाचा रकाना न्हाई. गुण, पास, झेललेले चेंडू. हे आकडे तुम्हीच लिवलेले न्हवं? का खोटे हायेत?”

“खरे हायेत.”

“मग?”

शेजारी उमादेवी मॅडम बसल्या होत्या. एके काळच्या खेळाडू, मनाने मऊ. त्यांनी शीट जवळ ओढली. “थांबा सर. त्यांनी मोजलंय तर बघू तरी.” त्या बोटाने गोल मोजू लागल्या. “नऊ... सात... चार... आणि शेवटच्याला एकही नाही!” त्यांचा चेहरा उजळला. “अहो, मग सुधारलं की! मुली हळूहळू सामावून घेतातच. आणि चौथ्या क्वार्टरला हिने किती टाकले?”

“एक बी न्हाई,” भुजंगराव म्हणाले.

“बघा.” मॅडमचा आवाज पडला. “म्हणजे चेंडू मिळायला लागला तरी...”

“चेंडू न्हाई मिळाला मॅडम. तिनं हातच वर केला न्हाई.”

“म्हणजे खेळायची जिद्दच न्हाई,” ईश्वरप्पा सरांनी पेनाचं टोपण लावलं. “झालं की मग. तुमचे टाळ बी आमच्याच बाजूनं वाजायले.”

भुजंगरावांकडे उत्तर होतं, पण ते मोजता येईल असं नव्हतं. आणि मोजायला सुरुवात तर त्यांनीच केली होती.

“ही शीट अशी पुढं जाणार न्हाई,” सर म्हणाले. “चांगल्या अक्षरात दुसरी करून द्या. समास कोरा पायजे.”

त्यांनी करून दिली. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं आलं. सात नंबरपुढे चार गुण. खाली सही.

नांदेड रोडच्या थांब्यावर वर्षाराणी सॅक पायाशी ठेवून उभी होती. तिला मुखेडची गाडी हवी होती, त्यांना नांदेडची.

“मामा, माझे किती?”

“चार.”

“हाव. चारच टाकले म्या.” ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “यादी वाचली म्या. आईला फोन न्हाई केला अजून. तिकडं जाऊनच सांगते.”

भुजंगरावांनी पिशवीतून लाडूचा पुडा काढून तिच्यापुढे धरला. कालच्या कीर्तनातला प्रसाद होता. तिने एक घेतला, कपाळाला लावला आणि हातातच धरून राहिली.

“मामा, तुम्ही कडंला गोल गोल काय काढायलता? मला लांबून दिसायलतं.”

“तुला चेंडू द्याय पायजे हुता, अन् दिला न्हाई, त्याचे.”

“किती झाले?”

“वीस.”

“वीस?” ती पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. “एवढ्यांदा हात केला म्या? येडीच हाय की मी.”

मुखेडची गाडी दिसली. भुजंगरावांनी हात केला, गाडी थांबली. वर्षाराणी चढली, खिडकीशी बसली. गाडी हलली तसे भुजंगराव निरोपाचा हात हलवू लागले. तिने त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली. हात मात्र मांडीवरच्या सॅकवर होते, ते तिथेच राहिले.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी भुजंगरावांचा हात वरच होता.

मागून येणाऱ्या गाडीचे ब्रेक कर्रकन वाजले. नांदेडची होती. कंडक्टरने दार उघडून डोकं बाहेर काढलं.

“ओ मामा, हात केलाव म्हणून थांबलो बगा. या की, खाली हाय गाडी.”