कपाटाच्या भिंतीवरचा स्पीकर

बेळगावात नोकरीला असलेल्या दिव्याने घरच्या टीव्हीसाठी होम थिएटर आणलं, तेव्हा तिला वाटलं होतं की आप्पा ते बघून मान डोलावतील आणि पुन्हा उसाकडे जातील. पण अकोळच्या बाबगोंडा पाटलांचा स्वभाव तिला इतक्या वर्षांत कळायला हवा होता. पंपाची मोटर असो, मिक्सर असो, उघडून आत बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रविवारी जेवणं झाल्यावर तिने खोकं सोप्यात ठेवलं, तर आप्पा आधीच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेले.

"आप्पा, ह्याला उघडायचं न्हाय. नुसतं जोडायचं हाय."

"उघडत न्हाय गं. जवळ असू दे म्हटलं."

खोक्यातून एक मोठा डबा निघाला, तो जमिनीवर ठेवायचा. मग बारके स्पीकर निघाले. एक टीव्हीच्या खाली, दोन टीव्हीच्या दोन्ही अंगांना, आणि दोन बसणाऱ्याच्या मागे. मागचे कुठे लावायचे यावर बराच वेळ गेला. शेवटी एक खिडकीच्या भिंतीवर आणि एक कपाटाच्या भिंतीवर टांगायचा असं ठरलं. टीव्हीकडे तोंड करून बसलं की खिडकी उजव्या हाताला येई आणि कपाट डाव्या हाताला.

आप्पांना हे सगळं फार आवडलं. प्रत्येक वायरच्या टोकाला वेगळा रंग, डब्याच्या पाठीवर त्याच रंगाची भोकं. लालला लाल, निळ्याला निळा. टीव्हीच्या पाठीमागे एकसारख्या तीन खाचा होत्या. त्यांतल्या नेमक्या कुठल्या खाचेत चपटी केबल घालायची हे त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, बॅटरी मारून स्वतः शोधलं. तरी आवाज टीव्हीतूनच येत होता. मग दिव्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेरच्या स्पीकरला द्यायला सांगितलं, आणि जमिनीवरचा डबा एकदम घुमला. स्वयंपाकघरातून दिव्याची आई तारामती पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अगं बाई! मला वाटलं उसाची ट्रॉली दारात आली."

"आता तपासूया," दिव्या म्हणाली. "आप्पा, मधल्या खुर्चीत बसा. मी एकेक स्पीकर वाजवते. कुठला वाजतोय ते सांगा."

रिमोटवर तशी सोय होती. पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा शर्रर्र आवाज एकेका स्पीकरमधून येई. समोरच्या तिघांना आप्पा नुसतं 'टीव्हीपाशी' म्हणाले. मग दिव्याने खिडकीचा लावला.

"हां, खिडकीचा," आप्पा म्हणाले.

मग कपाटाचा.

"ह्यो बी खिडकीचाच."

"न्हाय ओ. ह्यो कपाटाचा हाय."

"मला काय कळत न्हाय व्हय? उजव्या हातालाच वाजतोय की. वायरी उलटसुलट झाल्यात तुझ्या."

आप्पा उठले, डब्याच्या पाठीमागे वाकले आणि मागच्या दोन वायरींची अदलाबदल करून आले. पुन्हा शर्रर्र. आता दोन्ही आवाज आपापल्या जागा सोडून वाजायला हवे होते. आप्पांना मात्र दोन्ही वेळा खिडकीकडूनच ऐकू आलं. त्यांनी डोकं खाजवलं. आता त्यांना राग नव्हता, मजा वाटू लागली होती.

"कपाटाचा चालू कर आनि तसाच वाजू दे."

ते उठून कपाटाच्या भिंतीपाशी गेले आणि स्पीकरवर तळवा ठेवला. जाळी थरथरत होती. हाताला वाजणं कळत होतं आणि आवाज मात्र पलीकडून आल्यासारखा वाटत होता.  मग त्यांनी खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे पाठ करून ठेवली. आता खिडकी डावीकडे आली आणि कपाट उजवीकडे.

"वाजव. दोन्ही वाजव, पाळीपाळीनं."

दिव्याने वाजवले. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

"आता दोन्ही बी कपाटाकडनं यालेत," ते हळू म्हणाले. "खुर्ची फिरवली तर आवाज भिंत सोडून माझ्यासंगं फिरला. मग वायरीत काय दोष?"

त्यांनी उजव्या कानात बोट घातलं. दिव्या काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. शर्रर्र पार थांबल्यासारखी झाली. बोट काढलं तर होती तिथेच. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"डावा कान बंद हाय माझा," आप्पा म्हणाले. बैलाच्या पायातला काटा सापडावा तशा आवाजात म्हणाले.

तारामती जवळच्या खाटेवर बसल्या. "कधीपास्नं?"

"मला काय म्हाईत? मला तर आजच कळालं." मग त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, "पर मला एक सांग. तुला डोळं झाकून बी कळतं, आवाज कुठनं आला?"

"म्हंजे काय? कळतंच की."

"सगळ्यांना कळतं?"

"सगळ्यांना, आप्पा," दिव्या म्हणाली.

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तारामतींना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि अनवाणी खोलीभर फिरून टाळ्या वाजवू लागले. दाराजवळ वाजवली, तारामतींनी दाराकडे बोट केलं. कपाटाजवळ वाजवली, बोट कपाटाकडे. खाली वाकून खुर्चीच्या मागे वाजवली, तर त्या हसून म्हणाल्या, "मागं हायसा, आनि वाकलायसा."

"बघितलंस न्हाय न्हवं?"

"महावीर भगवंताची शपथ, न्हाय बघितलं."

आप्पा भिंतीला टेकून खालीच बसले. त्यांना आजवर वाटत होतं की आवाज झाला की माणूस सगळीकडे बघतो आणि जे हलताना दिसेल त्यावरून ठरवतो. तसंच ते करत आले होते. निपाणीच्या बाजारात कुणी हाक मारली की ते गोल फिरत. मोटारसायकलचा हॉर्न ऐकला की रस्ता सोडून थांबत. माणसं पटकन कशी वळतात याचं त्यांना कौतुक वाटे. ती चलाख आहेत असं ते समजत.

"बांधावरनं मी हाक मारायची आनि तुमी भलतीकडंच बघायचासा," तारामती म्हणाल्या. "मला वाटायचं, मुद्दाम करतायसा. चार मान्सांत लाज वाटत असंल बायकोनं हाक मारलेली."

"मुद्दाम कशाला करीन गं?"

"मग मी बी हाक मारायचं सोडलं. गड्याला धाडायची."

हे आप्पांना माहीतच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. दिव्याने शर्रर्र बंद केली.

पुढच्याच आठवड्यात ती त्यांना बेळगावच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई कन्नडमधून विचारत होत्या आणि आप्पाही कन्नडमधून भरभरून सांगत होते. खुर्ची फिरवल्याची गोष्ट तर उभं राहून करून दाखवली. लहानपणी गालफुगी झाली होती का, असं बाईंनी विचारलं. झाली होती, शाळा बुडाली होती. कानाची शीर बहुधा तेव्हाच गेली असावी, ती आता परत यायची नाही, उजवा कान मात्र जपा, असं त्या म्हणाल्या. डावीकडचा आवाज उचलून उजव्या कानात सोडणारं एक यंत्र त्यांनी दाखवलं. ते लावून आप्पांनी दिव्याला डावीकडून कुजबुजायला सांगितलं.

"ऐकू आलं की! पर कुठनं आलं ते कळंल का ह्यानं?"

"ते नाही कळणार," बाई म्हणाल्या.

"मग राहू दे सध्या," आप्पा म्हणाले. "विचार करतो."

 मागचे दोन स्पीकर काढून ठेवू का, असं दिव्याने घरी आल्यावर विचारलं. आप्पांना त्यांचा उपयोग नाही, उगाच भिंतीवर वायरी.

"का म्हणून काढायचं?" आप्पा म्हणाले. "तुझ्या आईला हाय की उपयोग."

संध्याकाळी त्यांनी एक जंगलाचा पिक्चर लावला. मधल्या खुर्चीत तारामतींना बसवलं आणि स्वतः पाट ओढून त्यांच्या डाव्या अंगाला बसले, म्हणजे उजवा कान बायकोकडे राहील. पडद्यावर नुसती झाडं होती. तारामतींची मान अलगद कपाटाकडे वळली.

"काय झालं? काय हाय तिकडं?"

"पाखरू हाय. मागं, वरच्या बाजूला. आता उडालं." त्यांनी हवेत बोट फिरवलं, कपाटाकडून डोक्यावरून खिडकीपर्यंत. "असं गेलं."

आप्पा पडद्याकडे बघतच नव्हते. ते त्या बोटाकडे बघत होते.

"आनि आता?"

"थांबा की जरा," तारामती म्हणाल्या. "पानी यालंय कुठनंतरी."