तळ्याकाठचा पाल्हाळ

"अहो, पिशवी एकदम उलटी नका करू. आधी थोडा वेळ पाण्यावर तरंगू दे," पाल्हाळकाका माळ्याला म्हणाले.

कारखान्यामागच्या तळ्यात सोनेरी मासे एकेक करून बाहेर आले, जरा बावरले आणि पांगले. सगळ्यांत शेवटी आली ती म्हातारी मासोळी. काकांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात ती इतकी वर्षं होती, की गिऱ्हाइकांनी तिची किंमत विचारणंही सोडलं होतं. सकाळी काकूंनी विचारलं होतं, "हिलाही नेताय?" काका गप्पच. काकूंना तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती, कारण हा माणूस झोपेतही बोलायचा. एक मासा विकायला अर्धा दिवस घ्यायचा आणि गिऱ्हाईक कंटाळून रिकाम्या हातानं जायचं.

गेल्या वर्षीही कंपनीनं त्यांच्याकडूनच मासे घेतले होते. प्रदूषण तपासणारी सरकारी समिती आली, तळ्यात सोडलेल्या कारखान्याच्या सांडपाण्यात मासे पोहताहेत म्हणून खूश झाली, हिरव्या फलकापुढे फोटो काढून गेली. दुसऱ्या दिवशी काका सहज डोकावले, तर माळी मेलेले मासे जाळीनं काढत होता. "तासाभराच्या वर टिकतच नाहीत," तो म्हणाला होता. "साहेबांना माहितीये."

आज समितीनं मान डोलावली, की हेच पाणी थेट नदीत सोडायची मुभा कायद्यानं मिळणार होती. काकांची लेक नदीच्या खालच्या अंगाला नांदत होती, तिच्या नळाला नदीचंच पाणी. मासे मरतात हे काकांनी दोन-तीन ठिकाणी सांगून पाहिलं. पण पाल्हाळकाकांचं बोलणं कोण मनावर घेतंय?

समिती आली ती कंपनीचं जेवण जेवून, सुस्तावून. संध्याकाळी सगळ्यांना सहकुटुंब समुद्रावर न्यायचं ठरलं होतं, तेही कंपनीच्याच खर्चानं.

"पाहिलंत? झकास!" कंपनीचे साहेब म्हणाले. "चला, गाड्या तयार आहेत."

"साहेब, म्हातारीची ओळख तरी करून घ्या," काका म्हणाले आणि सुरू झाले.

वीज गेली की म्हातारी काचेला तोंड लावून कशी उभी राहायची. लेक लहान असताना शाळेतली गाऱ्हाणी तिलाच कशी सांगायची. काकांचा आवाज संथ लागला होता, पाण्यावर ऊन डुलत होतं. समितीचे अध्यक्ष खुर्चीत रेलले. त्यांना लहानपणी पोहायला शिकलेली विहीर आठवली. समितीतल्या चष्मेवाल्या बाई कठड्यावर टेकल्या. आपण इथं कशाला आलो, हेच जणू सगळे विसरून गेले.

"काका, आवरा आता," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"आवरतोच. एवढं एकच." आणि त्या एकातून दुसरं निघालं, दुसऱ्यातून तिसरं.

तास होत आला, तसे लहान मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. काकांच्या घशाला कोरड पडली, पण थांबले असते तर गाड्या सुटल्या असत्या. म्हातारी डोळ्यांदेखत जात होती आणि ते तिचंच कौतुक सांगत होते.

"काका," बाई एकदम उठल्या, "ती आडवी का झाली हो?"

काका बोलायचे थांबले.

"उन्हाचा त्रास होतो कधी कधी," साहेब घाईघाईनं म्हणाले. "ही तेवढी काकांची, बाकीचे इथंच वाढलेत. कंपनीचेच आहेत."

"नाही, बाई. सगळेच माझे आहेत," काका म्हणाले. "मघाशी मीच आणून सोडले. मरणार हे ठाऊक होतं मला. गेल्या वर्षीचेही असेच मेले."

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी गाड्यांकडे. बाईंनी आपली पाण्याची बाटली गवतात रिती केली, वाकून तळ्यातल्या पाण्यानं भरली आणि झाकण घट्ट लावलं.

"माझ्यासाठी गाडी थांबवू नका," त्या साहेबांना म्हणाल्या. "मी माझी जाईन."

काकांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते तळ्यात उतरले. जिवंत मासा धरतात तसं, दोन्ही तळवे खालून घालून, त्यांनी म्हातारीला उचललं. काठावर माळ्यानं डबा पुढे केला.

"आधी नळाचं पाणी घाला त्यात," काका म्हणाले.

मेलेल्या माशाला पाणी कशाला, असं माळ्यानं विचारलं नाही. तो नळाकडे गेला आणि डबा काठोकाठ भरून घेऊन आला.