ट्रॉलीला जॅक

छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मी स्वतःच्या हाताने हायड्रॉलिक जॅक बसवला. नाही जमलं तर ट्रॉली माहेरी, आपल्या भावाला देऊन टाकीन, असं बायकोने बजावलं होतं.

मातीने भरलेली ट्रॉली अंगणात उभी करून मी ट्रॅक्टरवर बसूनच ऐटीत लिव्हर ओढला. ट्रॉली झकास उचलली गेली. मागची फळी उघडायची तेवढी राहिली होती. सगळी माती मागे सरकली आणि माझ्यासकट ट्रॅक्टरची मागची चाकं अधांतरी झाली.

"अहो, माती उतरवायची होती की तुम्हाला चढवायचं होतं?"

"हसू नकोस."

"मग घ्या की खाली."

खाली घ्यायचा व्हॉल्व्ह बसवायचं काम मी उद्यावर टाकलं होतं.

"तुझ्या भावाला बोलव," मी वरूनच म्हणालो. "येताना ट्रॅक्टर आण म्हणावं. जाताना ट्रॉली न्यायचीय."