जाप्ता नाही

जेलच्या दारात शिपायाने माझी सुपारी काढून घेतली. ओवाळायच्या तबकातली सुपारी हो! म्हणे, "बेन, सोपारी-मावो अंदर नई चाले." अरे, मी काय मावा खायला आलेय? भावाला ओवाळायला आलेय, भाऊबीज आहे आज! मग अंगठी काढायला लावली. निरांजन न्या म्हणाला, पण काडेपेटी नाही. म्हणजे निरांजन काय शोभेला न्यायचं? आमचे हे मागून पुटपुटत होते, "पूर्णिमा, आवाज कमी." ह्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. तेव्हापासून ह्यांच्या घरात सरकारी माणसाशी कुणी चढ्या आवाजात बोललेलं नाही.

तरसालीच्या पुढे हे नवं जेल बांधलंय, कच्च्या कैद्यांसाठी. म्हणजे ज्यांचा खटला अजून चाललेलाच नाही, त्यांच्यासाठी. माझा मोठा भाऊ अरविंद तिथे वर्षावर अडकलाय. दादा साइट इंजिनिअर. भिंत पडली, एक मजूर गेला. दादाची चूक असेल तर द्या शिक्षा, मी एक शब्द बोलणार नाही. पण आधी त्याला कोर्टात तरी न्या की! तारीख येते आणि जेलमधून निरोप जातो, जाप्ता नाही. जाप्ता म्हणजे कैद्याला बाहेर न्यायला लागणारा पोलीस बंदोबस्त. बिल्डर जामिनावर सुटून तिकडे गोत्री भागात गाडी उडवत फिरतोय आणि आमचा दादा जाप्त्याची वाट बघत बसलाय.

एरवी भेट काचेपलीकडून. फोनमध्ये नुसती खरखर, आणि काचेतून माणूस दिसतो तो छातीपासून वर. दादाला मधुमेह. "गोळ्या मिळतात ना?" विचारलं की मान हलवायचा. समोरासमोर बसू देतात ते फक्त राखीला आणि भाऊबीजेला. राखीला बाकीच्या कैद्यांच्या सगळ्या बहिणी गेल्या. आम्ही नाही गेलो. बडोद्यात पिढ्या गेल्या, तरी आमच्या घरी राखी म्हणजे शेजाऱ्यांचा सण. आपली ती भाऊबीज. आईपासून सगळ्यांचं तेच म्हणणं. दादासुद्धा म्हणाला, "दिवाळीलाच नीट ओवाळ." शहाणेच आम्ही सगळे!

तर आत अंगणात मांडव घातला होता. दादा आधीच खुर्चीत बसलेला, कमरेपासून पायांपर्यंत चादर ओढून.

"थंडी वाजते?"

"जरा."

भर दुपारी, बडोद्यात, थंडी! मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी आपली कुंकू लावलं, न पेटलेल्या निरांजनाने ओवाळलं, शिपायाने मोडून तपासलेल्या करंजीचा तुकडा त्याच्या तोंडात घातला. आणि पाया पडायला वाकले.

दादाने पाय मागे घेतला. असं तो कधी करत नाही. चादर सरकली आणि वास आला. पायाला बनियनची चिंधी गुंडाळलेली, आणि तिच्यातून बाहेर आलेला अंगठा काळाठिक्कर पडलेला.

"दादा, हे काय रे?"

"काही नाही गं. चप्पल लागली होती."

"कधी?"

"श्रावण लागला तेव्हा."

म्हणजे राखीच्या आधी. राखीला आले असते तर अशीच वाकले असते, आणि तेव्हाच दिसलं असतं.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टर आहे कुठे? जागा रिकामी आहे. कंपाउंडर मलम लावतो. मोठ्या दवाखान्यात न्यायचा हुकूम नवरात्रातच निघालाय."

"मग गेला का नाहीस?"

दादा हसला. "जाप्ता नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! जेलर पढियार तिथेच उभे होते. त्यांना हाताला धरूनच आणलं म्हणा ना. माणूस वाईट नव्हता. पाय बघून त्यांचाही चेहरा पडला. म्हणाले, "बेन, तुमची वात साची, खरंय तुमचं. पण जेल दुपटीने भरलंय आणि माझ्या निम्म्या जागा भरलेल्याच नाहीत. जाप्तो शहर पोलीस देतात, ते सणासुदीला देत नाहीत. हूं लखी लखीने थाक्यो, पत्रं लिहून लिहून दमलो. तुम्ही एक अरजी आपो."

"कागद मिळेल का?" ह्यांनी लगेच विचारलं.

"अहो, तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. सगळा मांडव वळून बघायला लागला.

वेळ संपल्याची घंटा झाली. बाकीच्या बायका डोळे पुसत उठल्या. मी दादाच्या खुर्चीशी फतकल मारली. "ह्याला दवाखान्यात नेल्याशिवाय मी हलणार नाही. काय करायचं ते करा."

"पूर्णे, ऊठ," दादा हळूच म्हणाला. "तू घरी जाशील. मला इथेच राहायचंय."

तरी उठले नाही. पढियारांनी समजावलं, हात जोडले, मग बाजूला जाऊन फोन केला.

आणि काय सांगू तुम्हाला! त्यांनी मागवलेला चहा निवायच्या आत पोलिसांची गाडी दारात. बायका पोलीस, पुरुष पोलीस, काठ्या, सगळा लवाजमा. मी विचारलं, "साहेब, हे कोण?"

पढियारांनी हातानेच त्यांना आत बोलावलं.

"जाप्ता ना हा? मग ह्यालाही घ्या की गाडीत! दवाखाना वाटेवरच आहे."

"बेन, आ जाप्तो तमारा माटे छे," त्यातली एक पोलीसबाई म्हणाली. "केदीनो ऑर्डर जुदो." म्हणजे हा जाप्ता माझ्यासाठी, कैद्याचा हुकूम वेगळा!

दोघींनी मला दंडांना धरून उचललं. दादा उठायला गेला, पाय टेकवेना, परत खुर्चीत बसला. हे फाटकापाशी उभे होते, हातात कोरा कागद. तो मात्र मिळाला होता.

गाडीत मला दोघींच्या मध्ये बसवलं. समोरचा बाक अख्खा रिकामा. मोठ्या दवाखान्याच्या दारासमोरच सिग्नल लागला आणि गाडी थांबली. मी खिडकीची जाळी बडवायला लागले. "इथे आणायचं होतं हो त्याला! इथेच, ह्या दारात!"

"शांती राखो, बेन," शेजारची म्हणाली.

सिग्नल सुटला आणि गाडी पुढे निघाली.